पांढऱ्या पावडरीची फाईल

१६ ऑक्टोबर

प्रिय दादा,

नमस्कार. आम्ही सगळे मजेत. लेकीने ड्रम शिकायचा ध्यास घेतलाय, त्यामुळे खालचे शेजारी सोडून बाकी सगळे खूश आहेत. वहिनीला सांग, स्वेटर अगदी बरोबर बसला. मी जाड झालेय हे तिने न बघताच ओळखलं.

आता कामाचं. खाण्याच्या नव्या पदार्थांना परवानगी देणाऱ्या आमच्या समितीकडे येणाऱ्या फाईलींवर कंपनीचं नाव काळ्या शाईने झाकलेलं असतं. बारा दिवसांपूर्वी एक माझ्या टेबलावर आली: पानांपासून काढलेली गोड पावडर, साखरेऐवजी खाण्यात वापरायला परवानगी हवी. चौथ्या पानावर लिहिलं होतं, "पाने सावलीत, पालथी घालून वाळवली." पालथी! एवढा हट्टी माणूस जगात एकच आहे, आणि त्याने एका सुट्टीत माझ्याकडून गच्चीभर पानं उलटी करून घेतली आहेत.

नियम साधा आहे. फाईल नात्यातल्या माणसाची वाटली की त्याच दिवशी अध्यक्षांना सांगायचं आणि बाजूला व्हायचं. मी ती घरी नेली.

काम तू चोख केलंयस. हे बहीण म्हणून नाही, वीस वर्षं याच फाईली वाचणारी बाई म्हणून सांगतेय. उंदरांना दोन वर्षं खाऊ घालून जी मात्रा निर्धोक ठरली, तिला माणसांसाठी खबरदारी म्हणून शंभराने भागलंस. आणि मग मोठ्या माणसाचं नाही, तर सरबत ढोसणाऱ्या तीन वर्षांच्या पोराचं वजन धरलंस. भलेभले इथेच घसरतात. वाचताना ऊर भरून आला.

खरं सांगू? चार वर्षांपूर्वी तू आईच्या चहात ही पावडर घालत होतास आणि मी कपावर हात ठेवून म्हणाले, "आधी चाचण्या दाखव." तू चाचण्या केल्यास, पण तेव्हापासून माझ्याशी फक्त हवापाण्याचं बोलतोस. मला वाटलं, या फाईलीवर माझ्या हाताने "हरकत नाही" लिहावं आणि ते भांडण मिटवून टाकावं. लिहिलंसुद्धा.

मग रविवारी वहिनीचा फोन आला. कौतुकाने सांगत होती, "अगं, नवीन टाक्या आल्यापासून गरम पाण्याची कटकटच संपली. आता पावडर अल्कोहोलने धुतात. कशी पांढरीशुभ्र होते, कडवटपणा नावाला नाही! दुकानात तीच जाणार."

"कधीपासून?"

"झालं की वर्ष."

दादा, उंदरांनी खाल्लेली पावडर जुनी, पिवळट, गरम पाण्याने काढलेली. फाईलीतलं प्रत्येक पान खरं आहे आणि एकही पान तू विकणार आहेस त्या पावडरीबद्दल नाही. तू फसवलं नाहीस, मी ओळखते तुला. तुला वाटलं, कडवटपणा गेला म्हणजे माल सुधारलाच. पण काय गेलं ते जिभेला कळतं, मागे काय उरलं ते नाही. ते मोजावं लागतं.

नव्या टाक्यांचा फाईलीत उल्लेखच नाही. मी गुपचूप बाजूला झाले असते, तर पुढच्या माणसाने तुझी चोख आकडेमोड बघून परवानगी देऊन टाकली असती.

म्हणून आज सकाळी अध्यक्षांना सगळं सांगितलं. फाईल माझ्या भावाची आहे, मी बारा दिवस ते दडवलं, आणि पावडर बदलली आहे. ते म्हणाले, "बाई, तुमच्यावर ठपका येणार." येऊ दे. समितीतून काढतील बहुतेक. लाज वाटते, पण ती त्या बारा दिवसांची, आजच्या सकाळची नाही.

तुझी फाईल परत येईल. हातपाय गाळू नकोस. नव्या पावडरीचे चार-पाच लॉट तपासून घे: अल्कोहोल किती उरतं, जुनीत नव्हतं असं काही आलंय का. जुनी आणि नवी पावडर जुळल्या तर पुन्हा उंदरांपासून सुरुवात करावी लागणार नाही. जुळतील, असा माझा अंदाज आहे. तोवर मात्र घरात कुणालाही ती देऊ नकोस.

तू फोनवर ओरडशील, "आधी मला का नाही विचारलंस?" विचारलं असतं तर तू "थांब" म्हणाला असतास. आणि दादा, मी थांबले असते.

तुझीच,
धाकटी