शिडीवर सहाच माणसं

दौंड,
९ मार्च २००३

ती. आबा आणि ती. आई यांस,
करुणाचा सविनय जयभीम. वि. वि.

आम्ही सगळे बरे आहोत. गौतमीचा ताप उतरला. आता ती शाळा बुडवायला दुसरं कारण शोधते आहे.

मागच्या खोलीचं खचलेलं छत उतरवून पावसाआधी स्लॅब टाकायचं ठरवलंत, हे फार बरं झालं. काम सिद्दीकचाचांनाच द्या. फक्त काम ठरवण्याआधी त्यांना एक विचारा. त्यांच्या हाताखालच्या माणसांचा अपघाताचा विमा आहे का? असेल तर कागद स्वतः बघा. मुदत संपलेली नाही ना, किती माणसांचा आहे, तेही बघा.

तुम्ही हसाल. पण वकीलसाहेबांकडे मी दिवसभर असेच अर्ज टाइप करते. परवा यवतकडची एक बाई आली होती, ललिता नावाची. नवरा एका घराचं काम करताना परांचीवरून पडून गेला. ठेकेदार म्हणतो, माझ्याकडे विमा नाही. घरमालक म्हणतो, तो माझा माणूस नव्हता. ती मला विचारत होती, मग तो होता कुणाचा?

आईच्या गुडघ्याला तेल लावत जा. माझ्यावरची माया छतासारखी खचू देऊ नका.

तुमची,
करुणा

न्हावरे,
१६ मार्च

चि. करुणास,
आबाचे अनेक आशीर्वाद व जयभीम.

तुझ्या सांगण्याप्रमाणे विचारलं आणि लहानपणापासूनचा दोस्त घालवला.

सिद्दीक ओट्यावर बसून मापं सांगत होता. मी विम्याचं काढलं. आधी त्याला वाटलं, मी विम्याचा एजंट झालो. हसून म्हणाला, साहेबराव, तुला गिऱ्हाईक म्हणून मीच घावलो व्हय? मग त्याला समजलं. म्हणाला, तुझ्या बापाचं घर माझ्या बापानं बांधलं, तवा कुणी कागद मागितला न्हाई. आता लेक कचेरीत गेली आन् आम्ही चोर झालो. चपला घालून निघून गेला. काल बाजारात समोर आला, तर रस्ता ओलांडून पलीकडं.

तुझी आई म्हणते, आता तुम्हीच चढा छतावर, तुमचा विमा लेक काढील. छत अंगावर येईल म्हणून तिनं अंथरूण स्वयंपाकघरात आणलं आहे.

दुसरा ठेकेदार बघा, असं लिहू नकोस. बघणार नाही.

आशीर्वाद आहेत, रागावूनच देतो.

तुझे,
आबा

दौंड,
२० मार्च

ती. आबांस,
सविनय जयभीम.

ओट्यावर विचारलंत, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांनी ऐकलं असणार. तेवढं घरात बसून विचारायचं होतं.

चाचांकडे कागद नसला तर नवल नाही. आपल्याकडे कुठल्या मिस्त्रीकडे असतो? पण आताही काढता येतो. ठेकेदारानं माणसं किती, मजुरी किती ते कळवायचं. मी चौकशी करून ठेवली आहे. चाचा आले तर मी सोबत जाईन.

आता तुम्ही काही बोलू नका. आईला खुर्शिदचाचींकडे पाठवा. त्यांच्या तहमीनाचा नवरा चाचांच्याच हाताखाली काम करतो ना?

आशीर्वाद पोचले. पुढचे हसून द्या.

तुमची,
करुणा

न्हावरे,
१८ एप्रिल

चि. करुणास,
अनेक आशीर्वाद व जयभीम.

स्लॅब टाकून झाला.

तुझी आई गेली होती. खुर्शिदनं सगळं ऐकून घेतलं आणि नवऱ्याला एवढंच विचारलं, जावई वरून पडला तर पोरीला काय तुमची जबान शिजवून घालू? दुसऱ्या दिवशी सिद्दीक एस.टी. धरून तुझ्याकडं आला, ते तुला ठाऊक आहेच. सहा माणसांचा विमा काढून परत आला. घरी येऊन कागद माझ्या हातात दिला, पण बोलला नाही.

आता खरी अडचण ऐक. स्लॅबच्या दिवशी सगळी वस्ती दारात. आपल्याकडं हे काम सावडीनंच होतं. आज त्यांनी माझी घमेली उचलायची, उद्या मी त्यांची. मी ते विसरूनच गेलो होतो. विमा सहा जणांचा आणि शिडीला लागले वीस-पंचवीस. मी आडवा उभा राहिलो. म्हणालो, वर कुणी चढू नका.

धुरपदामावशी डोक्यावर चुंबळ ठेवून पुढं होती. तिनं ती काढली आणि म्हणाली, साहेबराव, आता तूबी आम्हाला शिवू देत न्हाईस व्हय?

करुणा, मी शिडी धरून तसाच उभा राहिलो.

सिद्दीक वरून खाली आला. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, मावशी, ह्याला बोलू नका. स्लॅब पडंस्तवर ह्या घराचा मालक मी. वर माझी सहा माणसं. त्यातलं कुणी पडलं तर त्याच्या घरी कायतरी जाईल. तुम्ही पडला तर तुमच्या सुनंला काय सांगू? मावशी लई चांगली व्हती?

मावशी हसली नाही. म्हणाली, मग खाली काम हाय का? खाली भरपूर होतं. सगळ्यांनी वाळू चाळली, पाणी ओढलं, घमेली भरून शिडीपर्यंत दिली. दिवस मावळायच्या आत काम उरकलं. जेवताना मावशीनं मला शेजारी बसवून घेतलं.

सिद्दीक आता रोज सकाळी स्लॅबवर पाणी मारायला येतो. काल म्हटलं, मी मारतो, तू बस. तर म्हणतो, तुझा विमा न्हाई, खाली बस. मी खाली बसतो. तो वरून बोलत असतो.

सुट्टीत गौतमीला घेऊन ये. हे आशीर्वाद हसून दिले आहेत.

तुझे,
आबा