आईच्या पायाचं माप

२ मार्च

चि. ठमीस आईचे अनेक आशीर्वाद.

सुखरूप पोचलीस, जीव भांड्यात पडला. आता सहा महिन्यांचं ट्रेनिंग मन लावून पूर्ण कर.

मी परदेश पाहिलेला नाही, पण कपडे शिवता शिवता पंचवीस वर्षं गिऱ्हाइकं पाहिली आहेत, म्हणून खरेदीचं सांगते. पहिल्याच दुकानात काही घेऊ नकोस. वस्तू आवडली तरी चेहऱ्यावर दाखवू नकोस. कपडा उलटा करून शिवण बघ. पावती जपून ठेव. बूट संध्याकाळी घ्यावेत, तोवर पाय पसरलेले असतात.

मला एकच आण, मशीनवर बसताना घालायला मऊ बूट. तिकडचे नंबर वेगळे असतात म्हणे, म्हणून दोन्ही पाय कागदावर आखून पाठवतेय.

लोभ आहेच, पत्रात कंजुषी करू नकोस.
आई

१९ मार्च

ती. आईस सा. न. वि. वि.

तुझ्या सूचना तंतोतंत पाळल्या. तीन दुकानांत इतका कोरा चेहरा ठेवला, की एका बाईंनी मला पाणी आणून दिलं.

चौथ्या दुकानातल्या म्हातारबुवांनी तुझे दोन्ही कागद एकमेकांवर ठेवून उजेडात धरले. म्हणाले, इतके जुळे पाय मी कधी पाहिले नाहीत. मीही हसले. मग करंगळी दिसली. इस्त्री पडून वाकली ती उजव्या पायाची. डावी कधी वाकली, आई? तू उजवाच पाय उलटा करून गिरवलायस.

तुझं माप कधी दोऱ्याइतकंही चुकत नाही. डाव्या पायाला काय झालंय? मला भीती वाटतेय. खरा पाय येईपर्यंत मी बूट घेणार नाही.

रागावलेली, तरी तुझीच,
ठमी

५ एप्रिल

चि. ठमीस आशीर्वाद.

पकडलंस. शिवण शिकली नाहीस, पण नजर माझीच घेतलीस.

तू गेल्यापासून डावा पाय सुजलाय. चप्पल चढत नाही, मशीन एका पायाने रेटत होते. कळलं असतं तर तू बॅग भरून निघाली असतीस, म्हणून थाप मारली. अजूनही सांगते, ट्रेनिंग सोडून आलीस तर दार उघडणार नाही.

तुझं पत्र वाचून मात्र लाज वाटली. काल डॉक्टरांकडे गेले. त्यांनी मशीन बंद करायला लावलंय, सोमवारी तपासण्या आहेत. शेजारीण सोबत येणार आहे. भीती मलाही वाटते, ठमे.

सोबत डावा पाय पाठवतेय. शेजारणीनेच आखलाय, लबाडी नाही. वहीचं पान पुरलं नाही, म्हणून बाजूला दुसरं चिकटवलंय.

राग उतरला की लोभ ठेव.
आई