दोन बोटं मोठा जोडा

उस्ताद, तुमच्या हाताखाली गवंडीकाम शिकलेल्यांपैकी आता मी एकटाच उरलो आहे. म्हणजे मी खोटं लिहिलं तरी पकडणारं कोणी नाही. तरी खरंच लिहितो. विश्वास बसला तर बघा. तसा तुमचा कशावरच पटकन बसत नसे. विटेवर नाही, वाळूवर नाही, ठेकेदाराच्या शब्दावर तर नाहीच. माझाही स्वभाव तसलाच, फक्त तुम्ही वस्तूंवर संशय घ्यायचात आणि मी माणसांवर.

वऱ्हाडाचा कारभार नागपुरातून चालायचा तेव्हाची गोष्ट. दर्यापूरला कापसातून सरकी काढायच्या जिनिंग कारखान्याचं बांधकाम निघालं होतं आणि तुम्ही तिथले मुख्य मिस्त्री होतात. चुना विरवायला मोठा हौद खणला होता. कळीचा चुना पाण्यात पडला की तो हौद चुलीवरच्या वरणासारखा रटरटायचा. आधीच्या कामावर एकाचा पाय त्यात भाजला होता, म्हणून ठेकेदारानं हुकूम काढला की उस्ताद पसंत करतील तेच जोडे घालायचे; दुसरे दिसले तर माणूस कामावरून बंद. मला घेऊन तुम्ही अकोल्याला जोडेवाल्याकडे गेलात. अजून दिसतं मला ते. तुम्ही एकेक जोडा उचलता, तळ वाकवता, शिवणीत खिळ्याचं टोक घालून बघता, कातडं नाकाशी धरता. जोडेवाला हसतो आणि तुम्हाला चाचा म्हणतो. माझ्या संशयाला तेवढं पुरे झालं. शेवटी तुम्ही माझ्यासाठी एक जाडाभरडा, बिनबंदाचा जोडा काढलात, चांगला दोन बोटं मोठा.

“उस्ताद, हा तं पायातून निघून राहिला,” मी म्हणालो.

“निघालाच पाह्यजे. चुना आत शिरला का लाथ झटकून फेकता आला पाह्यजे. तवा काय बंद सोडत बसशीन बे?”

बोलणं बिनतोड होतं, म्हणूनच मला वाटलं की कुठंतरी पाणी मुरतंय. जोडेवाला तुमचा नातलग, कोणाच्याच पायात न बसणारा माल त्यानं काढला आणि तुम्ही माझ्या गळ्यात मारला, असा मी हिशेब केला. पुढच्याच आठवड्यात अमरावतीच्या बाजारातून जुने फौजी बूट आणले, घोट्यापर्यंत बंद आवळायचे. काय ऐट होती त्यांची! तुमचा जोडा हिवरखेडला मेव्हण्याला दिला, बागेला पाणी द्यायला. कामावर गेलो तो धोतर घोट्याखाली सोडून, म्हणजे तुमच्या नजरेला बूट पडू नयेत.

तिसऱ्या दिवशी हौदाची कड ढासळली आणि माझा डावा पाय पोटरीपर्यंत आत गेला. पाय वर काढला, पण बुटात शिरलेला चुना आतच राहिला. बंदाची गाठ भिजून फुगली होती, ती काही सुटेना. मी गुरासारखा ओरडत होतो. तुम्ही धावत आलात, थापीच्या धारेनं बंद कापलात आणि उघड्या हातांनी बूट ओढून काढलात. मग बादल्यांवर बादल्या पाणी ओतत राहिलात, आधी माझ्या पायावर. माझा पाय वाचला. तुमच्या उजव्या तळहाताची कातडी सोलून निघाली, आणि त्या हातात थापी पुन्हा पहिल्यासारखी कधी बसली नाही.

दुपारी ठेकेदार आला. बूट काठीनं उलटा करून त्यानं विचारलं, “हे कोणी पसंत केले?” माझ्या बायकोला सातवा महिना होता. मी म्हणालो, “उस्तादांनी.” तुमच्या हाताला ओलं फडकं गुंडाळलेलं होतं. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, रागानं नाही, विटेकडे पाहावं तसं. मग म्हणालात, “हव जी, म्याच पसंत केले.” ज्याला जोडा कळत नाही त्याच्या भरवशावर पाया कसा सोडू, असं म्हणून त्यानं तुम्हाला त्याच दिवशी काढलं. मी राहिलो. पुढे तुम्ही कोणाच्या विहिरीची कड बांध, कोणाचा ओटा नीट कर, असल्या कामांवर दिवस काढलेत.

एखाद्यानं जन्मभर तुमचे पाय धरले असते. मी मात्र विचार करत बसलो की या माणसानं असं का केलं असेल. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय! वाटायचं, हा आता मला बांधून ठेवणार. एक दिवस काहीतरी मागणार. एकदा तुमच्या घरी न राहवून विचारलंच, “उस्ताद, तुमी तवा खरं काहून नाई सांगितलं?” तुम्ही डाव्या हातानं चहा गाळत होतात. “तुह्या बायकोले सातवा चालू होता,” तुम्ही म्हणालात. “चाय घे, थंडी होऊन राहिली.” मी चहा घेतला. बोलण्यावर विश्वास ठेवला नाही. दर ईदला यायचो, तुमच्या लेकीला फराक आणायचो, आणि दर वेळी मनात एकच, की आज मागतील. तुम्ही काहीच मागितलं नाहीत. तुमच्या मयतीला माती देताना माझ्या मनात पहिला शब्द आला तो ‘सुटलो’. लाज वाटते, पण तोच आला.

तुमची लेक आता अकोल्यात असते. हे तिला वाचून दाखवावं म्हणून कागद घेतला होता. पण ती आजही नातवंडांना सांगते की अब्बांचा सगळ्यात इमानी माणूस हा. ते ऐकायला मला फार आवडतं, उस्ताद. म्हणून नाही दाखवणार.