लिफ्टच्या खड्ड्यातलं मांजर

ता. ९ फेब्रुवारी

चि. धाकटी,

अनेक आशीर्वाद. मी बरा आहे. तूही बरी असशील असं धरून चालतो. तुझ्या ताईचं सगळं आटोपून तू गेलीस, त्यानंतर हे माझं पहिलंच पत्र. त्या दिवशी मी दारापर्यंत आलो नाही. गुडघा धरला होता. आता ठीक आहे.

फोन करायला हवा होता. एकदा लावलाही. तू "हॅलो" म्हणालीस आणि मला पुढचं सुचेना, म्हणून ठेवून दिला. लिहिताना निदान मध्येच थांबता येतं.

इकडे विशेष काही नाही. कामावर जातो, येतो. तुझ्या ताईचे कपडे कपाटातच आहेत. तुला हवे ते कधी आलीस तर घेऊन जा, घाई नाही. भाजीवाला अजून दोघांच्या अंदाजाने तोलतो आणि मीही तेवढी घेतो. मग दोन दिवस तीच भाजी.

आता कामाचं. एका जुन्या इमारतीत लिफ्ट अधूनमधून अडकते अशी तक्रार होती, म्हणून मी आणि आमचा वायरमन गेलो होतो. लिफ्ट वर नेऊन मेन स्विच बंद केला आणि मी खाली उतरलो. लिफ्टच्या तळाशी एक खड्डा असतो. फटीतून पडलेलं सगळं तिथे जमतं, किल्ल्या, नाणी, लहान मुलांचे मोजे. त्या दिवशी कोपऱ्यात वंगणाने माखलेली एक मोठी चिंधी पडली होती. बाहेर फेकायला म्हणून उचलली, तर चिंधीने डोळे उघडले.

वायरमन वरून म्हणाला, "काय आहे? उंदीर?"

"मांजर."

"मग हाकला की."

"हाकलून जाईलसं वाटत नाही."

खरंच गेलं नाही. नखसुद्धा काढलं नाही. मी पिशवीतली हत्यारं वायरमनच्या गळ्यात घातली आणि मांजर पिशवीत घातलं. वॉचमन बघून म्हणाला, "साहेब, हे विकत घेतलेलं मांजर आहे, आपलं रस्त्यावरचं नाही. चौथ्या मजल्यावरच्या भाडेकरूंचं असणार. ते गेले, सामान नेलं, हे राहिलं."

"राहिलं की ठेवलं?" वायरमनने विचारलं. वॉचमन गेट उघडायला गेला. गेटवर कुणी नव्हतं.

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, मादी आहे, पर्शियन. केसांच्या इतक्या जटा झाल्या होत्या की सगळे कापावे लागले. आता ती न्हाव्याने अर्धी हजामत करून पळ काढल्यासारखी दिसते. चेहरा तेवढा केसाळ, नाक आत दाबलेलं, बंद दारावर धावत जाऊन आपटल्यासारखं. तिला बरीच बाळंतपणं झाली आहेत म्हणे. अशा मांजरांची पिल्लं विकतात. पुढे पिल्लं होईनाशी झाली, की... इथे डॉक्टरीणबाई थांबल्या आणि त्यांनी हात धुतले.

तुझ्या माहितीत एखादं चांगलं घर असेल तर कळव. मी दिवसभर बाहेर असतो, तिला इथे ठेवणं बरं नाही. तुला मांजरांची समज आहे, म्हणून विचारलं. बाकी ठीक.

तुझे भाऊजी

*

ता. २ मार्च

चि. धाकटी,

आशीर्वाद. तुझं पत्र मिळालं. मोठं आहे. दोनदा वाचलं. त्यातल्या ताईबद्दलच्या मजकुराचं उत्तर आज लिहीत नाही. मांजराचं लिहितो.

तू विचारलंस, तुम्हीच का ठेवत नाही. सगळेच विचारतात. वायरमनची बायको म्हणाली, "भाऊ, रिकाम्या घरात सोबत कुणीतरी पाठवली आहे असं समजा." तिला कुणी पाठवलेली नाही, कुणीतरी टाकलेली आहे. आणि मला सोबत नको आहे असं नाही, पण मला ते जमणार नाही. एवढंच लिहितो.

वायरमनने तिचा फोटो फोनवर चार ठिकाणी पाठवला आणि स्थळांची रीघ लागली. एवढी मागणी मी आयुष्यात कुणाला आलेली पाहिली नाही. जातिवंत मांजर फुकट मिळतंय म्हटल्यावर ज्यांच्या घरी साधा पोपट नाही असेही फोन करू लागले.

पहिला एक गृहस्थ आला, पायात पांढरे बूट. तिला उचलून, उलटी करून बघितलं आणि विचारलं, "ऑपरेशन झालंय का?" परवाच केलं म्हटल्यावर तिला खाली ठेवली आणि म्हणाला, "मग काय उपयोग." चहासुद्धा अर्धा टाकून गेला.

मग एक नवरा-बायको. माणसं चांगली, बँकेत असतात. त्यांचं घर बघायला गेलो. नवव्या मजल्यावर गॅलरी, आणि गॅलरीला फक्त कमरेएवढा कठडा. मी पट्टी काढून गजांमधलं अंतर मोजलं. मग खिडक्यांच्या कड्या ओढून पाहिल्या. जाळीवर हाताने जोर दिला, तर ती एका कोपऱ्यात सुटली. मी काही तोडायला गेलो नव्हतो, जोर देऊन बघायची सवय आहे. त्या बाई म्हणाल्या, "काका, मांजर देताय की मुलगी?" त्यांचे यजमान हसले. मीही हसलो, पण मांजर दिलं नाही. जाळी मात्र परत बसवून दिली.

तुझी ताई असती तर म्हणाली असती, लोकांच्या घरात पाहुणा म्हणून जा, इन्स्पेक्टर म्हणून नको.

शेवटी एक घर पसंत पडलं. एका वाचनालयाच्या ग्रंथपालबाई आहेत. तळमजला, खिडक्यांना बारीक गज, रस्ता लांब, घरात त्या आणि त्यांची आई. बोलणं कमी. मी कड्या ओढत होतो तेव्हा त्या शांतपणे शेजारी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "स्वयंपाकघरातली राहिली, तीही बघा." मला ते आवडलं. पुढच्या रविवारी पोचवायची असं ठरलं आहे.

ती आता छान आहे. केस पुन्हा येऊ लागले आहेत, रंग सायीसारखा निघाला. खाण्याची वाटी रोज रिकामी असते. संध्याकाळी माझ्या पायाशी येऊन बसते आणि घुरघुरते. मी खाली वाकून, कान लावून ऐकलं. एकसारखा आवाज, कुठे खरखर नाही, कुठे अडखळणं नाही. एखाद्या मोटरचा असा आवाज असेल तर मी तिचं झाकणही उघडत नाही.

तेव्हा आता तू कुठे विचारू नकोस. तुला उगीच तसदी दिली.

तुझे भाऊजी

*

ता. १६ मार्च

चि. धाकटी,

आशीर्वाद. मांजर ग्रंथपालबाईंकडे गेलं नाही. का ते सांगतो.

रविवारी तिला पिशवीत घ्यायला वाकलो, तर ती तुझ्या ताईच्या शिलाईयंत्राच्या मागे जाऊन बसली होती. उचलली. आठवडाभर ती आपणच पायाशी यायची, मी उचललं नव्हतं; त्या दिवशी हाताला नुसती हाडं लागली. नवे केस भरत होते, त्याखाली काय चाललंय ते दिसत नव्हतं. मला कळेना, वाटी तर रोज रिकामी होते. मग लक्ष दिलं. माझ्या खिडकीच्या गजांतून साळुंक्या आत येत होत्या आणि वाटीतले तिच्या कोरड्या खाण्याचे दाणे नेत होत्या. मी तिच्यासाठी गजांमधलं अंतर मोजलं होतं. तिला बाहेर जाता येणार नाही एवढंच पाहिलं होतं. आत काय येईल ते डोक्यातच आलं नाही.

तिला तशीच डॉक्टरीणबाईंकडे नेली. त्यांनी रक्त तपासलं. मूत्रपिंडं बिघडली आहेत. अगदी शेवट नाही. औषध, वेगळं खाणं, अधूनमधून कातडीखाली सलाईन, एवढं केलं तर बरीच वर्षं काढील. पण रोज बघणारं माणूस पाहिजे, असं म्हणाल्या.

मी म्हणालो, "पण ती तर छान घुरघुरत होती."

"काका, मांजर दुखत असतानाही घुरघुरतं. कधीकधी दुखतं म्हणूनच."

घरी आलो आणि बूट न काढता बराच वेळ बसून राहिलो. तुझी ताई शेवटच्या वर्षी स्वयंपाकघरात गुणगुणायची. आधी ती कधी गुणगुणत नसे, तुला माहीत आहे. मी बाहेर पेपर वाचत बसलेला असे. ऐकून वाटायचं, बरं चाललंय हिचं.

ग्रंथपालबाईंना फोन करून सगळं सांगितलं. लपवून दिलं नसतंच. त्या म्हणाल्या, "माझ्या आईचंच दिवसभर करावं लागतं हो. दोघींचं नाही जमणार." खरं बोलल्या. त्यांचा मला राग नाही. बाकीची स्थळं आजाराचं नाव काढताच गळाली. एक जण तर म्हणाला, "दुसरं कुठलं मिळालं तर सांगा, याच रंगाचं."

आता तुझ्या पत्राचं.

ताईच्या वेळी दवाखान्यात मोठ्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन तिचा आजार सांगितला तेव्हा माझा चेहरा बघून तेच गोंधळले. म्हणाले, "तुम्हाला माहीत नव्हतं? तपासणीला त्यांची बहीण यायची की दर वेळी." मला वाटायचं तुम्ही दोघी खरेदीला जाता. घरी येताना काहीतरी आणायचातही. एकदा टॉवेल आणलेत. एकदा पिठाची चाळणी आणलीत आणि ही किती चांगली आहे म्हणून दोघी माझ्यासमोर बोलत बसलात. ती चाळणी अजून आहे.

तिने शपथ घातली होती, असं तू लिहिलंस. तू शपथ मोडायला हवी होतीस असं मी म्हणणार नाही. ती तुझी मोठी बहीण. तिचं नाही ऐकायचं तर कुणाचं. पण "भाऊजी खचतील" असं ती म्हणाली, हे वाचून मी दोन दिवस ते पत्र खिशात घेऊन हिंडलो. मी आयुष्यभर लिफ्टच्या दोऱ्या तपासत आलो. कुठली किती ओझं पेलेल हे वजन टाकल्याशिवाय आम्ही लिहून देत नाही. माझ्यावर तिने वजनच टाकलं नाही. मी खचलो असतो, तर खचलो असतो. निदान त्या तपासण्यांना बाहेरच्या बाकावर मी बसलो असतो.

हे तुला बोलतोय असं नाही. तिला बोलता येत नाही, म्हणून तुझ्या नावावर पाठवतोय. तुझ्यावर मी रागावलो होतो, हेही लिहायला हवं. त्या दिवशी दारापर्यंत आलो नाही, तो गुडघा नव्हता. राग सगळा गेला आहे असं सांगून मोकळा होत नाही. थोडा आहे.

तरीही जे विचारायचं आहे ते तुलाच विचारतोय. या मांजराला तू घेशील का?

दुसऱ्या कुणाचं नाव डोळ्यांसमोर येत नाही. तुझा तो आंधळा बोका मी पाहिलेला आहे. त्याला तळहातावर खाऊ घालायचीस. तो शेवटी घरात कुणाच्या हाती लागत नसे, पण तुझ्या पावलांचा आवाज आला की पलंगाखालून स्वतः बाहेर यायचा. तुझी ताईही दुखायला लागल्यावर तुझ्याकडेच आली. तुझ्यात असं काही असेल की आजारी जिवाला ते कळतं. माझ्यापाशी बसून ही घुरघुरते. तुझ्यापाशी कदाचित कण्हेल. तिला त्याची जास्त गरज आहे.

मी का ठेवत नाही, याचं उत्तर आता तुला मिळालं असेल.

होय म्हणालीस तर शनिवारी सकाळच्या गाडीने तिला घेऊन येतो. औषधं, खाणं, सगळं बरोबर आणीन. सलाईन कशी द्यायची ते डॉक्टरीणबाईंनी मला शिकवलं आहे, मी तुला दाखवीन. सोपं आहे, मानेमागची कातडी उचलायची. ती हलत नाही. तुझ्या मागच्या दाराची कडी सैल होती, ती बसवून देतो, आणि संध्याकाळच्या गाडीने परत. जेवणाचं काही करू नकोस. नाही म्हणालीस तरी मी वाईट वाटून घेणार नाही. तुलाही गेल्या वर्षात कमी सोसावं लागलं नाही, तेही मी एका ओळीने कधी विचारलं नाही.

घेणार असलीस तर माझी एक अट आहे. ती नीट विचार करून मान्य कर. एक वेळ जरी तिने खाल्लं नाही, तरी मला कळवायचं. डॉक्टरने काय सांगितलं ते जसंच्या तसं कळवायचं, गोड करून नाही. मला ते झेपेल की नाही, हे तू ठरवायचं नाही. मला सांगायचं.

तुझे भाऊजी