फिटरकाकांची कॅसेट

अण्णा,

तुम्हाला पत्र लिहायची वेळ कधी आलीच नव्हती. तुम्ही कारखान्याच्या क्वार्टरमधून हलला नाहीत आणि माझं सासर तेरला, म्हणजे एका एस.टी.च्या अंतरावर. बाप-लेकीचं जे काही बोलणं व्हायचं ते चहा निवेपर्यंत उरकायचं. तुम्हाला जाऊनही आता बरीच वर्षं झाली. आज लिहायला बसले, कारण परवा फिटरकाकांचा फोन आला. होय, तेच. ज्यांचं नाव निघालं की आई तव्यावरची भाकरी जरा जास्तच जोरात उलटायची.

माझा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे. दूधवाला हसून बोलला तरी मला वाटतं, आज पाणी जास्त पडलंय. नवरा म्हणतो, तू पोलिसात जायला हवी होतीस. पण हे मी जन्मतः घेऊन आले नव्हते, अण्णा. आपल्याच घरात शिकले, फिटरकाका कारखाना सोडून गेले त्या वर्षी.

त्याआधीचे रविवार मला चांगले आठवतात. तुम्ही कारखान्याचे वायरमन, काका वर्कशॉपमध्ये फिटर. अख्ख्या कॉलनीत इंग्रजी गाणी ऐकणारे तुम्ही दोघेच, त्यामुळं लोक तुम्हाला अर्धवट समजायचे. मोठ्या दुष्काळात जळकोटला परदेशी मदतीची बोअरची गाडी आली होती, तिच्यावर तुम्ही हेल्पर होता. त्या गोऱ्या ड्रिलरच्या जीपमध्ये दिवसभर त्याच्या गावाकडची इंग्रजी गाणी वाजायची, एक गिटार आणि एक थकलेला आवाज. जाताना तो तुम्हाला एक कॅसेट देऊन गेला. काकांची कॅसेट पुण्याची. तिच्यात विजेच्या गिटारी, ढोल आणि आरडाओरडा. स्वयंपाकघरात प्लग होता म्हणून टेपही तिथंच. मळीचा वास आत नको म्हणून दार-खिडकी लावून घ्यायची, आणि मग तुमचं भांडण सुरू.

"ह्ये काय गाणं हाय व्हय?" तुम्ही म्हणताय. "पत्र्याच्या शेडवर कुणीतरी दगडं मारतंय."

"आन् तुझं? म्हातारं गाडीला टेकून रडतंय नुसतं."

"रडंना तर काय करंल? जमीन वाळली, जनावर मेलं, बायको रेल्वेत बसून गेली. गडी आपल्या जळकोटचा वाटतो बघ."

"दुष्काळ बघायला टेप कशाला लावायचा? दार उघड की, दिसतोय," काका म्हणतात, आणि चुलीपुढं बसलेली आई पदर तोंडाला लावून हसते. तुम्हाला इंग्रजी किती कळायचं याची मला शंकाच आहे. पण बायको रेल्वेत बसून गेली हे तुम्ही अशा खात्रीनं सांगायचा, जणू तिला स्टेशनवर सोडायला तुम्हीच गेला होता.

मग ते वाईट वर्ष आलं. ऊस शेतातच वाळला, गाळप लवकर बंद पडलं, आणि माणसं कमी करणार अशी कुजबुज सुरू झाली. आई मला घेऊन माकणीला माहेरी गेली होती. परत आलो तर काकांच्या क्वार्टरला कुलूप. ते लोकांना भडकावतात, असं म्हणून चेअरमननं त्यांना काढलं होतं. त्याच महिन्यात तुम्ही परमनंट झालात. आईनं पेढे वाटले, पण तुम्ही एकही तोंडात घातला नाहीत. मी विचारलं तेव्हा एवढंच म्हणालात, "त्येनंच कुठंतरी बडबड केली असंल. तोंडाला कुलूप न्हाय त्येच्या. मलाबी गुतवलं असतं." मी त्याची खूणगाठ बांधली. काकांनी मित्रालाही अडकवायला कमी केलं नसतं, असं धरूनच मोठी झाले.

परवा मुलानं मला फोनवर जुन्या इंग्रजी गाण्यांच्या एका ग्रुपमध्ये घातलं. तिथं लोक आठवणी लिहितात, कुणाचा गिटारवाला थोर यावरून हमरीतुमरीवर येतात. तुमची फार आठवण झाली. मीही लिहिलं की माझे वडील साखर कारखान्यात वायरमन होते आणि मळीच्या वासात ही गाणी ऐकायचे. ग्रुपमधल्याच कुणीतरी नंबर बघून संध्याकाळी फोन केला.

"वायरमनची पोरगी का गं तू? म्या फिटरकाका."

मी सावरून बसले. म्हटलं, हा माणूस आता कशाला उगवला? काका पुण्यात मुलाकडं असतात, ऐकू कमी येतं. तुम्ही गेल्याचं मी त्यांना कळवलं. मग त्यांनी सांगितलं. आम्ही माकणीला होतो त्या रविवारी ते तुमच्याकडं आले होते. दोन गाण्यांच्या मध्ये म्हणाले होते की, सगळ्यांनी मिळून चेअरमनच्या दारात बसू, बायकापोरांसकट. दुसऱ्या दिवशी ऑफिसात चेअरमननं त्यांचंच वाक्य जसंच्या तसं त्यांच्या तोंडावर मारलं.

"दार लावल्यालं हुतं, पोरी. आत आमी दोघंच. म्या तर भाईर कुणापाशी बोललो न्हाय."

मला राग आला. म्हटलं, "म्हणजे आमच्या अण्णांनी सांगितलं, असं म्हणायचंय का तुम्हाला?"

"म्या म्हणत न्हाय. म्हणून तर इचारतोय. माझी कॅसेट तुमच्याकडंच राहिली हुती. तुझ्या बापानं ठिवली का फेकली?"

त्यांचा हिशेब साधा होता. तुम्ही खरोखर त्यांनाच बडबड्या समजत असाल, तर चिडून ती फेकली असेल. मग तुम्ही निर्दोष, आणि बाहेर भिंतीला कान लावणारा कुणी तिसराच. पण ठेवली असेल, ऐकत असाल, तर काकांचा दोष नाही हे तुम्हाला माहीत होतं. आणि ते माहीत असणारा एकच माणूस, ज्यानं चेअरमनला सांगितलं तो.

अण्णा, माझ्या डोळ्यापुढं आपलं स्वयंपाकघर उभं राहिलं. काका गेल्यावर तुम्ही त्या ड्रिलरच्या कॅसेटला हात लावला नाहीत. दर रविवारी दार लावून, आवाज बारीक करून, तीच पत्र्यावरची दगडफेक लावायचा. शेवटच्या आजारातही. मी एकदा चिडवलं, "तुम्हाला तर हे आवडायचं नाही." तुम्ही पाठ फिरवून म्हणालात, "अजूनबी न्हाय आवडत." मला तेव्हा वाटलं, मित्राची आठवण येत असेल. आता काय वाटतं ते मी लिहिणार नाही. घरात खाणारी तोंडं होती, नोकरी कच्ची होती, आणि समोर चेअरमन. मला तुमचा राग येतो आणि कीवही येते, आणि दोन्ही तुम्हाला सांगायची सोय नाही.

"हॅलो?" काका म्हणत होते. "हायेस का?"

"फेकली, काका," मी म्हटलं. "तुम्ही गेला त्याच आठवड्यात. लई चिडले होते तुमच्यावर."

पलीकडून मोठा श्वास ऐकू आला. "चिडला हुता व्हय?" म्हातारा हसला, आणि मग मला वाटतं, रडला. "बरं झालं. लई बरं झालं, पोरी."

कॅसेट माझ्या कपाटात आहे, अण्णा. कालपासून तिच्यावर साड्या ठेवल्या आहेत, न जाणो काका कधी घरी आले तर.