थुंकीनं पुसलेला डोळा

सर, दर तासाला डोळ्यात थेंब पडतायत, म्हणून ओळी वाकड्या जातील. डावा डोळा तर लहानपणापासूनच अधू. आयुष्यभर जे वाचलं ते उजव्यानं, शाळेतल्या कवितासुद्धा. त्याच उजव्याच्या बुबुळावर जखम झालीय. औषध लागू पडतंय का ते उद्या डॉक्टर बघणार. पडलं नाही तर?

तुम्ही वर्गात अंडं फोडलं होतं, आठवतंय? पहिल्या बाकावरच्यांनी नाकं दाबली. पांढऱ्यातलं लायसोझाइम म्हणजे पिवळ्याचा पहारेकरी, म्हणालात. फळ्यावर तुम्ही त्याची, अमिनो आम्लांच्या एकशे एकोणतीस मण्यांची, एकच माळ काढलीत, ती घडी होऊन गोळा होते, आत चार ठिकाणी गंधकाचे टाके, मधोमध एक खाच. जंतूची भिंत दोन प्रकारच्या साखरेच्या कणांनी आलटून पालटून गुंफलेली. ती गुंफण खाचेत आली की हे विकर पाण्याच्या मदतीनं तिचा सांधा तोडतं, भिंत उसवते नि जंतू फुगून फुटतो. मग माझ्याकडे वळून, ‘काय रे कवी, तुझ्या बापाच्या मागावरचा ताणा मधेच कापला तर काय होईल?’ मी म्हणालो, ‘मार बसंल, सर.’ सगळा वर्ग हसला, तुम्हीही.

लायसोझाइमचे प्रकार असतात, कोंबडीच्या अंड्यातला एक, हंसाच्या अंड्यातला दुसरा. आपल्या आसवांतलं नि थुंकीतलं कोंबडीच्या घराण्यातलं, असं सांगितलंत. आसवं जंतू मारतात! मी तिथंच विरघळलो आणि वहीच्या मागच्या पानावर कविता लिहायला लागलो. पुढं तुम्ही ‘पण’ म्हणालात, एवढंच कानावर आलं. नंतर वही ओढून घेतलीत, वाचलीत, परत दिलीत. ‘अर्धंच ऐकलंस की रे. उरलेलं कोण ऐकणार?’

आठ दिवसांपूर्वी मागावरचं तूस, सुताचा बारीक तंतू, डोळ्यात गेलं. आमच्यात अशा वेळी पंच्याचं टोक थुंकीनं ओलं करून तूस टिपायचं. वडील माझं तसंच काढायचे. मी टिपलं, वर दोनदा चोळलं. सून ओरडली, ‘मामा, चोळू नका की! थुंकी काय औषध हाय व्हय?’ मी तिला ऐटीत तुमचा धडा ऐकवला. परवा तिनंच मोबाइलवर पुढचं वाचून दाखवलं. किड्या-शिंपल्यांचा तिसराही प्रकार असतो म्हणे. आणि काही जंतूंच्या भिंतीबाहेर आणखी एक चरबीचं अस्तर असतं, विकर भिंतीपर्यंत पोचतच नाही. तोंडात असले जंतूही नांदत असतात. सर, तुमचा ‘पण’ हाच होता ना?

डॉक्टरांनी विचारलं होतं, ‘आजोबा, डोळ्याला काही लावलं होतं?’ सून केसपेपर काढायला गेलेली. मी म्हणालो, ‘नाही.’ या वयात, शाळा शिकलेल्या माणसानं थुंकी लावली हे सांगायची लाज वाटली. बाहेर आल्यावर तिनं विचारलं, ‘सगळं सांगितलंत ना, मामा?’ मी ‘व्हय’ म्हणालो. त्यांनी औषध दिलं ते माझ्या ‘नाही’वर विसंबून.

खाली माग चालू आहेत. पत्र कुणाला दाखवण्याजोगं नाही, पाठवायलाही पत्ता नाही. घडी करून त्याच जुन्या वहीत ठेवतो. थेंब घालायला सून वर येतेय, जिन्यावर पावलं वाजतायत. उद्यापर्यंत थांबायची माझ्यात हिंमत नाही. आत्ताच तिला म्हणणार, डॉक्टरांना फोन लाव, मी खोटं बोललो. आणि सर, ती कविता काही फार चांगली नव्हती.