ऋतुजानेच वाचून दाखवावे

अंबाजोगाई,
१० जून २०२५

ती. सिदूअण्णा यांस हनुमानचा नमस्कार. साखरावहिनींनाही सांगा.

घरी सगळी बरी असतील. इकडे आम्ही ठीक आहोत. ढग येतात, बघून जातात. कॉलेजचे प्रवेश सुरू झालेत, म्हणजे माझी पायपीटही सुरू. मोटारसायकलचं सीट फाटलं होतं, ते एकदाचं बदललं. तुमची मेंढरं कातरून झाली का? मागच्या गुरुवारी आलो तेव्हा निम्मीच झाली होती.

फोन केला असता, पण फोनवर मी फार गोड बोलतो आणि आज मला गोड बोलायचं नाही. हे पत्र मांजरसुंब्याच्या धाब्यावर सटवाकडे ठेवतोय. तुमची ऋतुजा तिथे दूध घालायला येते, तेव्हा तिच्याच हातात दे, लखनच्या नको, असं त्याला बजावलंय. तुम्हाला वाचता येत नाही. म्हणजे हे तीच वाचून दाखवणार. ते माहीत असूनच लिहितोय.

ऋतुजा, मध्ये थांबू नकोस आणि काही गाळू नकोस. अण्णांना जसंच्या तसं वाच.

अण्णा, तुम्ही एकदा विचारलं होतं, "मास्तर, तुमचं काम नेमकं काय हाय ओ?" तेव्हा मी हसण्यावारी नेलं. मी बेसबॉलचा सहायक प्रशिक्षक. मुख्य प्रशिक्षक मोहनराव. शिट्टी त्यांची, फोटोतली मधली खुर्चीही त्यांची. गावोगाव हिंडून खेळाडू शोधून आणायचे, हे माझं. बेसबॉल म्हणजे काय हे समजावण्यातच माझी अर्धी नोकरी गेली. पण मला खेळ येणारी पोरं नकोच असतात, दगड मारणारी हवी असतात. आणि मी बघत नाही, डोळे मिटून ऐकतो. चांगल्या हातातून सुटलेला दगड हवेत एक बारीक आवाज करतो. चार वर्षांपूर्वी लिंबागणेशच्या माळावर एक मेंढी पिकात शिरत होती. ऋतुजाने तिच्या पुढ्यात दगड टाकून तिला वळवलं. तो आवाज ऐकून मी भर रस्त्यात गाडी थांबवली. मागच्या ट्रकवाल्याने माझ्या आईचा उद्धार केला.

त्या दिवशी तुम्हाला मी दोन तास पटवत होतो. पोरगी राज्याला खेळली की प्रमाणपत्र मिळेल, त्यावर खेळाडूंच्या राखीव जागेतून पोलिसात जाईल. तुम्ही शेवटी म्हणालात, "पोरगी देतो मास्तर. पण तिच्या अंगाला काय बी झालं, तर खरं काय ते मला सांगायचं." मी तुमच्या हातावर हात ठेवला.

आता तीन वर्षांपूर्वीच्या त्या राज्य स्पर्धेच्या अंतिम सामन्याबद्दल. चेंडू टाकणाऱ्याचा खांदा ठरावीक चेंडूंनंतर मोडीत निघतो, म्हणून मी चिंचोके ठेवतो. डाव्या खिशात ऐंशी. एक चेंडू पडला की एक चिंचोका उजव्या खिशात. डावा खिसा रिकामा झाला की खेळाडू बाहेर. मग पुढे कोणी का असेना. हा नियम माझाच. त्या दिवशी चेंडू ऋतुजा टाकत होती. खिसा रिकामा झाला तेव्हा आम्ही एका रनने पुढे होतो आणि खेळ बराच बाकी होता. मोहनरावांनी विचारलं, "हायेत का अजून?" मी उजव्या खिशातले मूठभर चिंचोके परत डाव्यात टाकले आणि म्हणालो, "हायेत की."

थोड्या वेळाने ऋतुजा माझ्याकडे आली. सामन्यानंतर दवाखान्यात मी तुम्हाला काय सांगितलं ते आठवतंय ना? तुम्ही विचारलंत, "पोरगी काहीच बोलली न्हाई का?" मी म्हणालो, "एका शब्दाने नाही. तुमच्यासारखीच हट्टी." ती कॉटवर जागी होती. तिने भिंतीकडे तोंड फिरवलं. तुम्ही तिथेच तिला रागावलात, "कावून लपवलंस गं? तोंड न्हाई का तुला?" गेली तीन वर्षं घरात तुम्ही तेच म्हणताय. गुरुवारीसुद्धा, माझ्यादेखत, तिच्या हातून कळशी निसटली तेव्हा म्हणालात.

ती बोलली होती.

ऋतुजा, हे परत वाच. ती बोलली होती, अण्णा. तिचे शब्द मला पाठ आहेत. "सर, खांद्यात कट् वाजलं. बोटांला मुंग्या आल्यात. मला भाईर काढा." मी खांद्यावर थंड फवारा मारला आणि म्हणालो, "सहाच चेंडू टाक. अण्णांचं नाव काढ." नाव तुमचं वापरलं. ती गेली. सहा नाही, एकोणीस टाकले. आम्ही जिंकलो.

त्या चषकावर माझी नेमणूक कायम झाली. मी पेढे घेऊन तुमच्याकडे आलो. तुम्ही पेढा घेतलात, त्यातला अर्धा ऋतुजाला भरवलात. ती माझ्याकडे बघत तो खात होती. ती गप्प का राहिली, मला आजही कळलेलं नाही. मी इतकं सरळ तोंड करून खोटं बोललो, त्याची बहुधा तिलाच लाज वाटली असावी. मला वाटायला वेळ लागला.

गेल्या वर्षी ती पोलीस भरतीला गेली. प्रमाणपत्र बरोबर होतं, धावण्यात पहिल्या पाचात आली. मग गोळाफेक. मी कुंपणाबाहेर उभा होतो, हे तिला माहीत नाही. गोळा तिच्या पायापाशी पडला. तिन्ही वेळा. मी तिथून निघालो, कोपऱ्यावर चहा प्यायलो आणि टपरीवाल्याशी पावसापाण्याच्या गप्पा मारल्या.

तो कट् मी मैदानावर ऐकला नव्हता, अण्णा. तिने नुसता सांगितला होता. पण आता मला तोच ऐकू येतो. बायको शेंगा फोडते, मी उठून बाहेर जातो. कोणत्याही पोराने हात मागे नेला की चेंडू सुटायच्या आधी माझ्या कानात तो वाजतो. डोळे मिटून ऐकायची सवय मी सोडली. उघडे ठेवले तरी तेच.

आणि आता जे सांगायचं टाळत इथवर आलो ते. गुरुवारी मी मेंढरं बघायला आलो नव्हतो. मोहनराव म्हणाले होते, "त्या पोरीचा भाऊ बारावी झालाय, त्याला आण." लखन माळावर दगड टाकत होता. ऋतुजा मला पाणी घेऊन आली, डाव्या हाताने. म्हणाली, "सर, लखनचा हात माझ्याहून भारी हाय. ऐका." ती मला टोचत होती की खरंच सांगत होती, तिचं तिलाच ठाऊक.

मी डोळे मिटले. अण्णा, त्याने तीन दगड टाकले आणि तिन्ही वेळा मला कट् ऐकू आला नाही. तीन वर्षांत पहिल्यांदा. इतका हलका झालो की ऋतुजा शेजारी उभी आहे हेसुद्धा विसरलो. मी खूश होतो. निघताना लखनला पाठीवर थाप मारून बूट कबूल करून आलो. मांजरसुंब्यापर्यंत आलो तेव्हा गाडी कडेला घेऊन बंद केली. मला माझीच भीती वाटली.

रविवारी सकाळी मी तुमच्या दारात येणार आहे. येणार नाही असं लिहून बघितलं, पण ते खोटं झालं असतं. मी येईन, नवे बूट आणेन, मोहनरावांची गाडीही असेल. मी फार गोड बोलेन. काळजी घेईन, पोराच्या केसालाही धक्का लागू देणार नाही, असं म्हणेन आणि म्हणताना मला ते खरंच वाटत असेल. माझं बोलणं तुम्ही ऐकू नका. मला बसायला घोंगडी टाकू नका. लखन रुसेल, जेवणार नाही, रुसू द्या.

पोरीवर तुम्ही तीन वर्षं जो राग काढला तो माझ्या वाट्याचा होता. तो तिच्याकडून परत घ्या. रविवारी तुम्ही, वहिनी आणि लखन तिघंही गप्प राहा आणि तिला दारात उभं करा. यावेळी तिने "भाईर काढा" म्हटलं, तर मला बाहेर काढा.

तुमच्या हातावर ज्याने हात ठेवला होता, तो
हनुमान